गोल्फच्या बॅगेत वेज किती ठेवायच्या? आधी पिचिंग वेजचा लॉफ्ट बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आयर्नचा नवा सेट घेतलात, त्यातल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट 44 अंश आहे (वेज म्हणजे जवळून उंच फटका मारायचा क्लब, आणि लॉफ्ट म्हणजे क्लबचा चेंडूला लागणारा भाग मागे किती कललेला आहे तो कोन). जुनी 56 अंशांची सँड वेज तशीच बॅगेत आहे. पूर्ण स्विंगला पिचिंग वेजने चेंडू हवेतून साधारण 112 यार्ड जातो, सँड वेजने 76, आणि मधल्या अंतरासाठी हातात काहीच नाही. हँडिकॅप (खेळाडूच्या पातळीचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) 18. ड्रायव्हर, 3 आणि 5 नंबरचे वुड, 4 नंबरचा हायब्रिड (हे सगळे लांब फटक्यांचे), 4 ते 9 नंबरचे आयर्न, दोन वेज आणि पटर धरून 13 क्लब होतात. सोबत खेळणारे म्हणतात की हल्ली चार वेजशिवाय चालत नाही. मग 5 वुड काढून दोन नव्या वेज घ्यायच्या का?

उत्तर आधी देतो, कारणं मागून. तुमच्या बॅगेत आत्ता तीन वेज हव्यात: 44, 50 आणि 56. नियमाप्रमाणे 14 क्लब चालतात, म्हणजे एक जागा तशीही रिकामी आहे. 5 वुडला हात लावू नका. पुढे कधी चौथी वेज घ्यायची वेळ आली तर तिच्यासाठी 4 आयर्न जाईल. मात्र हे उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांचं आहे. पिचिंग वेज 48 अंशांची असती, किंवा हँडिकॅप 6 असता, तर मी वेगळं सांगितलं असतं. त्यामुळे खालची कारणं वाचून मगच खरेदी करा.

तुम्ही विचारलंय किती, पण अडलंय ते 112 आणि 76 यांच्यामधल्या 36 यार्डांवर. ही दरी तुमच्या खेळामुळे पडलेली नाही. काही दशकांपूर्वी पिचिंग वेज 48 ते 50 अंशांची असायची. पुढे आयर्नच्या डोक्याचं वजन खाली आणि मागे नेता येऊ लागलं. त्यामुळे लॉफ्ट कमी केला तरी चेंडू पुरेसा उंच जातो, आणि कंपन्या एकेक अंश लॉफ्ट कमी करत आल्या. तुमच्या हातातला 44 अंशांचा क्लब लॉफ्टच्या हिशोबाने जुन्या सेटमधल्या 9 आयर्नच्या जवळ जातो, फक्त त्याच्यावर पी कोरलेलं आहे. सँड वेज मात्र जागची हलली नाही, कारण बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू बाहेर काढायला लागणारा लॉफ्ट काही बदलत नाही. वरचं टोक सरकलं, खालचं तिथेच राहिलं आणि मध्ये 12 अंश मोकळे पडले.

पूर्वी बहुतेक बॅगांमध्ये पिचिंग आणि सँड अशा दोनच वेज असायच्या. 1980च्या दशकात टॉम काइट यांच्यासारखे व्यावसायिक 60 अंशांची तिसरी वेज घेऊन खेळू लागले, आणि आयर्नचे लॉफ्ट घसरत गेल्यावर मधली दरी भरायला गॅप वेज आली. म्हणून ‘माझ्याकडे चार वेज आहेत’ असं कोणी म्हणालं की मी आधी त्यांच्या पिचिंग वेजचा लॉफ्ट विचारतो. 48 पासून सुरुवात करणाऱ्याच्या चार वेज आणि 44 पासून सुरुवात करणाऱ्याच्या चार वेज यांची तुलनाच होत नाही. पहिल्याचा चार-चार अंशांनी 60 पर्यंतचा पल्ला भरतो, दुसरा त्याच अंतराने 56 वरच थांबतो. तुमचे सोबती नक्की कुठून मोजतात ते विचारा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

दोन वेजमध्ये 4 ते 6 अंशांचं अंतर ठेवा असं सगळीकडे सांगतात, आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. पण अंश हा कागदावरचा आकडा आहे, मैदानावर यार्ड मोजायचे असतात. जोरात स्विंग करणाऱ्याला 4 अंशांत 14-15 यार्डांचा फरक मिळतो, संथ स्विंगवाल्याला जेमतेम 8. तुमचे 12 अंशांत 36 यार्ड, म्हणजे अंशाला सुमारे 3. मध्ये 50 टाकली की चेंडू 94 च्या आसपास पडेल आणि प्रत्येक टप्पा 18 यार्डांचा होईल. यावर तुम्ही म्हणाल, 18 यार्ड फार झाले, 48 आणि 52 अशा दोन टाकल्या तर टप्पे 12 यार्डांचे होतील. हिशोब बरोबर आहे. तरीही मी तुम्हाला ते आत्ता सुचवणार नाही, आणि त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण वेजची संख्या माझ्या मते इथेच ठरते.

एकाच क्लबने, एकाच स्विंगने मारलेले तुमचे दहा चेंडू किती लांबीच्या पट्ट्यात पडतात? माझ्याकडे आपल्या स्विंगला साजेसे क्लब निवडून घ्यायला येणाऱ्यांना मी हा पहिला प्रश्न विचारतो आणि बहुतेकांकडे उत्तर नसतं. प्रत्येकाला आपला सर्वांत चांगला फटका आठवत असतो. तुमच्या 112 बद्दलही मला तीच शंका आहे: ती सरासरी आहे की चेंडू नीट बसला तेव्हाचं अंतर? 18 हँडिकॅपच्या आसपास खेळणाऱ्यांचा पिचिंग वेजचा पट्टा 15-20 यार्डांचा असणं मला नेहमी दिसतं. पट्टा एवढा असेल आणि दोन वेजमधला टप्पा 12 यार्डांचा असेल, तर 48 अंशांचा चांगला बसलेला फटका 44 च्या कमी बसलेल्या फटक्यापेक्षा लांब जाणार. मग क्लब निवडून काय साधलं? जास्तीची वेज तेव्हाच उपयोगी पडते जेव्हा टप्पा तुमच्या स्वतःच्या पट्ट्यापेक्षा लहान होत नाही. चार वेज वापरणाऱ्या व्यावसायिकांचा पट्टा फार अरुंद असतो, म्हणून त्यांना बारीक टप्पे परवडतात.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, अंग मोकळं झाल्यावर 9 आयर्न, पिचिंग वेज आणि सँड वेज यांचे दहा-दहा चेंडू मारा. चेंडू जिथे पहिल्यांदा जमिनीला टेकतो ते अंतर लिहा, घरंगळून थांबतो ते नको. अगदीच फसलेले एक-दोन सोडून द्या, पण एखादा अपवादाने लांब गेला असेल तर तोही सोडा. उरलेल्यांपैकी मधला आकडा म्हणजे तुमचं अंतर, आणि सर्वांत लांब व सर्वांत आखूड यांच्यातला फरक म्हणजे तुमचा पट्टा. रेंजचे चेंडू बऱ्याचदा कमी उडतात, त्यामुळे आकडे तुमच्या नेहमीच्या अंतरापेक्षा कमी आले तर घाबरू नका. आपल्याला दोन क्लबमधला फरक आणि पट्ट्याची रुंदी हवी आहे, आणि त्या दोन्हींचा अंदाज तरीही येतो.

याच वेळी आणखी एक करून बघा. पायाच्या पावडरचा फवारा मिळतो, त्याचा पातळ थर क्लबच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, मारा. प्रत्येक फटक्यानंतर चेंडूचा गोल ठसा उमटतो. पट्टा रुंद असणाऱ्यांचे ठसे मला बहुधा वरखाली विखुरलेले दिसतात: एक अगदी खालच्या खाचेवर, पुढचा पार वरच्या खाचांजवळ. खालचा ठसा म्हणजे चेंडू सपाट आणि जोरात निघून गेला, वरचा म्हणजे क्लब चेंडूखालून घसरला आणि अंतर पडलं. पुसून पुन्हा मारा, पुन्हा बघा. ठसे एका जागी गोळा व्हायला लागले की पट्टा आपोआप आखडतो, आणि मग चौथ्या वेजचा विचार करण्यात अर्थ येतो.

मग 94 आणि 112 च्या मध्ये 103 यार्ड राहिले तर काय करायचं? पाऊण स्विंग. पिचिंग वेज दोन बोटं खाली धरून, हात खांद्यापर्यंत न नेता छातीपर्यंत नेऊन मारलेला चेंडू साधारण तिथे जातो, आणि तो खाली राहत असल्यामुळे वाऱ्यातही टिकतो. जवळच्या फटक्यांचे प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी हात घड्याळाच्या काट्यासारखे धरून मागच्या स्विंगच्या तीन ठरावीक लांब्या शिकवण्याची पद्धत लोकप्रिय केली. ती मी आजही वापरतो, कारण तिचा हिशोब सोपा आहे: तीन वेज आणि तीन लांब्या म्हणजे नऊ अंतरं. एवढी अंतरं नीट बसवायलाच कितीतरी महिने जातात. चौथी वेज आली की ती बारा होतात. आठवड्यातून एखादा तास सराव होत असेल तर नऊ पक्की असणं बारा कच्ची असण्यापेक्षा कधीही चांगलं. तुमचा सराव किती होतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. रोज संध्याकाळी रेंजवर जात असाल तर माझं हे म्हणणं थोडं सैल करा.

आता बॅगेच्या दुसऱ्या टोकाकडे. 14 ची मर्यादा अमेरिकेत 1938 पासून आहे, आणि दुसऱ्याच वर्षी ब्रिटनच्या नियमांतही ती आली. आजच्या नियमात जास्तीचा क्लब घेऊन खेळलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) चूक झालेल्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोकचा दंड आहे, एका राउंडमध्ये जास्तीत जास्त चार. म्हणजे जागा मोजून वापरायच्या. तुम्ही 5 वुड काढायला निघालात याची मला खरी काळजी वाटते. पिचिंग वेज 112 यार्ड जाणाऱ्या खेळाडूला लांब पार-4 होलवर (चार फटक्यांत संपवायच्या) दुसऱ्या फटक्याला हमखास वुड किंवा हायब्रिड लागतो. तुमच्या स्विंगच्या वेगाला 5 वुडने चेंडू उंच जातो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) थांबण्याची थोडी तरी शक्यता असते. 4 आयर्नचं तसं नाही. नव्या सेटमधला 4 आयर्न 20 अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी लॉफ्टचा असतो, तो उंच उडवायला वेग लागतो. आणि तुमच्याकडे 4 हायब्रिड आहे, म्हणजे एकाच अंतरासाठी तुम्ही दोन क्लब वाहताय.

माझ्या बोलण्यावर विसंबू नका, पुढच्या काही राउंडना स्कोअरकार्डाच्या कडेला दोन गोष्टी लिहा. एक, 120 यार्डांच्या आतून प्रत्येक फटका किती अंतरावरून मारावा लागला. दोन, 4 आयर्न, 4 हायब्रिड आणि 5 वुड यांपैकी कोणता कितीदा बाहेर निघाला आणि चेंडू कुठे गेला. काही जणांच्या यादीत 80 ते 105 यार्ड गच्च भरलेले असतात, तर काहींना त्या अंतरावरून क्वचितच खेळावं लागतं, कारण ते राहतात एकतर 140 वर किंवा ग्रीनच्या काठावर. दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूला मी 50 सुद्धा घाईने घ्यायला सांगत नाही. हे कोर्सच्या आखणीवर आणि तुमच्या ड्राइव्हवर अवलंबून असल्यामुळे त्याचं उत्तर तुमच्या कार्डावरच मिळेल.

60 अंशांच्या लॉब वेजबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण चार वेजचा आग्रह धरणाऱ्यांच्या मनात बहुधा तीच असते. ती उत्तम वेज आहे, फक्त तिचं काम ओळखा. बंकरपलीकडे लगेच पिन (होलचा झेंडा) असेल, चेंडू उंच टाकून जागेवर थांबवायचा असेल, ग्रीन उंचवट्यावर आणि कडक असतील, तर तिच्यासारखी दुसरी नाही. व्यावसायिक खेळाडू फिल मिकलसन यांनी तर 64 अंशांची वेजसुद्धा वापरली आहे, पण त्यांच्या हातात ग्रीनजवळचं जे कौशल्य आहे ते जगात मोजक्यांकडे आहे. पूर्ण स्विंगला 60 अंशांवर चुकीला जागा फारच कमी उरते. क्लबचा बराचसा जोर चेंडू वर नेण्यात आणि फिरवण्यात जातो, आणि फेसवर चेंडू अर्धा इंच वर लागला तरी तो बराच आखूड पडतो. शिवाय 56 चा फेस उघडला की तुम्हाला जास्तीचा लॉफ्ट तसाही मिळतो. सध्याच्या 56 ने बंकरमधून पहिल्याच फटक्यात बाहेर येता का? येत असाल, तर 60 ला अजून वेळ आहे.

लॉफ्टच्या चर्चेत मागे पडते ती बाउन्स. वेज जमिनीवर टेकवून बाजूने बघा. सोलचा, म्हणजे तळाचा, मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा खाली गेलेला दिसेल. तो कोन म्हणजे बाउन्स. त्याच्यामुळे क्लब वाळूत रुतत नाही, वाळू सरकवत बाहेर येतो. अमेरिकी खेळाडू जीन सॅराझन यांनी आपल्या क्लबच्या तळाला मागून धातू चढवून हाच आकार दिला आणि 1932 ची ब्रिटिश ओपन ते त्या क्लबसह जिंकले. आजची सँड वेज त्याच कल्पनेवर उभी आहे. मऊ वाळू, दाट गवत आणि वरून खाली खोल घुसणारा स्विंग असेल तर 10 ते 14 अंश बाउन्स हवी. कडक जमीन, खुरटं गवत आणि गवत नुसतं खरवडून जाणारा स्विंग असेल तर 4 ते 8 पुरे. जास्त बाउन्सची वेज कडक जमिनीवर आपटून उसळते, धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू सरपटत ग्रीनपार जातो. हे तुमच्या बाबतीत वारंवार होत असेल तर दोष लॉफ्टचा नाही, सोलचा आहे, आणि चार वेज घेऊनही तो सुटणार नाही. एकाच लॉफ्टच्या वेगवेगळ्या बाउन्सच्या दोन वेज घरी ठेवून कोर्सप्रमाणे एक बॅगेत टाकणारे चांगले खेळाडू मी पाहिले आहेत. मला तो मार्ग फार पटतो.

50 घेताना शक्य तर तुमच्या आयर्नच्याच सेटमधली जोडीची वेज घ्या. तिच्यावर ए, जी, यू असं काहीतरी अक्षर असतं आणि 44 च्या पिचिंग वेजसोबत ती बहुधा 49 किंवा 50 अंशांची येते. तुम्ही ती जास्त करून पूर्ण स्विंगला वापरणार, त्यामुळे तिचं डोकं आणि शाफ्ट आयर्नसारखेच असलेले बरे: थोडं बाजूला लागलं तरी ती सांभाळून घेते. बंकर आणि ग्रीनच्या काठावरच्या कामाला मात्र वेगळी, खास वेज म्हणून बनवलेली सँड वेज हवी, आणि ती तुमच्याकडे आहेच. आयर्नचे शाफ्ट हलके ग्राफाइटचे आणि सँड वेजचा जड स्टीलचा असेल तर तेवढं तपासून घ्या, वजनातला मोठा फरक हाताला लगेच जाणवतो. आणि दुकानातल्या पट्टीवरच्या आकड्यावर जाऊ नका, लॉफ्ट मोजून घ्या. एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. फोर्ज केलेली (ठोकून घडवलेली) वेज दोनेक अंश वाकवून देता येते. फक्त एक अंश लॉफ्ट वाढवला की बाउन्सही एक अंश वाढते आणि कमी केला की कमी होते, हे सांगणारा माणूस क्लब वाकवायला असू द्या.

राहिला प्रश्न चौथीचा. जोडीची 49 किंवा 50 घेऊन एक मोसम खेळा आणि तोपर्यंत 56 नवी घेऊ नका, तिच्या खाचा थोड्या झिजल्या असल्या तरी. मोसमाच्या शेवटी पुन्हा दहा-दहा चेंडूंची तीच मोजणी करा. पट्टा 12-13 यार्डांच्या आत आला असेल आणि कार्डावर 60 ते 90 यार्डांची गर्दी दिसत असेल, तर जुनी 56 काढून 54 आणि 59 अशी जोडी एकदम घ्या. 59 ची मिळत नसेल तर 58 ची घेऊन एक अंश वाकवून घ्या. म्हणजे 44, 49, 54, 59 असे सारखे टप्पे पडतील. त्या दिवशी 4 आयर्न घरी ठेवा. पट्टा तेवढा आखडला नसेल, तर त्याच पैशात नवी 56 घ्या, 10-12 अंश बाउन्सची, आणि तीन वेजवरच राहा.